लई म्हणजे एष्टु?

बिराजदार मॅडमला मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा त्या तोंडातल्या तोंडात पुटपुटत चालत होत्या. मला वाटलं, नवीन बाई देवाचं नाव घेत्यात. चुकलं माझं. त्या पावलं मोजत होत्या.

झालं असं की गेटवर मीच त्यांना सांगितलं होतं, "हापिस लई लांब न्हाई, हितंच हाय." त्या गेल्या, हापिसाच्या दारातून परत आल्या आणि म्हणाल्या, "मामा, दोनशे बारा पावलं हायती. लई लांब न्हाई म्हणजे एष्टु, हे आधी सांगत चला. माझ्या पायात नवी चप्पल हाय."

एष्टु म्हणजे किती. कानडी शब्द. आमच्या मुरुमच्या बाजूला निम्मी माणसं घरात कानडी आणि बाजारात मराठी बोलतात, त्यामुळं समजायची अडचण नव्हती. अडचण ही होती की बाई तो शब्द सोडायलाच तयार नव्हत्या. लई ऊन म्हणलं, एष्टु? लई गर्दी, एष्टु? एकदा मी म्हणालो, माझा गुडघा लई दुखतोय. तर म्हणाल्या, "एष्टु? जिना चढताना दुखतो का उतरताना? कितव्या पायरीला?" सात दिवसांत पोरांनी नाव पाडलं, एष्टु मॅडम. त्यांना कळलं तेव्हा त्यांनी विचारलं, "किती पोरं म्हणतेत असं?"

मी भानुदास. कॉलेजात शिपाई होतो, शिक्षण सातवी. कॉलेजचं नाव लिहीत नाही, कारण पुढं पोरांची गोष्ट आहे आणि ती झाकून ठेवायचा शब्द मॅडमनी दिला होता. माझी बायको सुंदरा गेटाजवळ कॅन्टीन चालवायची. कॅन्टीन म्हणजे पत्र्याचं शेड, दोन बाकडी आणि तिचं तोंड. तिला जाऊन दुसरं वर्ष लागलं. तिच्यावर लिहायला दोनदा बसलो, दोन्हीदा वही मिटून ठेवली. म्हणून मॅडमवर लिहितो. त्यात सुंदरा येईलच. बोलावल्याशिवाय यायची तिला सवयच होती.

मॅडम समाजशास्त्र शिकवायच्या. तासिकेवर होत्या, म्हणजे वर्ष संपलं की नोकरी संपली, जूनला पुन्हा घ्यायचं का नाही ते संस्थेच्या अध्यक्षाच्या मनावर. तिशीच्या आतबाहेर वय, अंगानं किडकिडीत, गळ्यात लिंगायतांचं इष्टलिंग, खांद्याला ही एवढी पर्स. पर्समधी खोकल्याच्या औषधाच्या बाटलीचं एक टोपण असायचं, रेघा असलेलं, पाच-दहा मिली मोजायचं. त्यानं त्या काय वाट्टेल ते मोजायच्या. एकदा सुंदराचा चहा टोपणा-टोपणानं मोजला आणि म्हणाल्या, "अक्का, तुमचा कट चहा साठ मिली न्हाई. बावन्न हाय."

सुंदरानं मान वर न करता सांगितलं, "बावन्नच देते. वरची आठ मिली बडबड हाय, ती फुकट."

तिथनं त्या दोघींचं जमलं. मॅडम डब्यात कडक भाकरी आणि शेंगाची चटणी आणायच्या, सुंदरा त्यावर तेल घालायची, आणि दोघी मिळून मला नावं ठेवायच्या. मॅडम स्कुटी अशी चालवायच्या की बैलगाडीवाल्यानं मागून हाळी द्यावी. कुत्र्याला भ्यायच्या. अध्यक्षाला मात्र नाही.

आता पोरांचं.

त्या साली निरोप समारंभाला तीन पोरं दुपारीच ढोसून आली. दोघं बागेत झोपली. तिसऱ्याला पाहुण्याला हार घालायचा होता. त्यानं हार घेतला, स्टेजवर गेला, पाहुण्याला ओलांडून कोपऱ्यात उभ्या असलेल्या माझ्या गळ्यात घातला आणि मिठी मारून रडायला लागला, "मामा, खरं प्राचार्य तुमीच!" टाळ्या लई पडल्या. एष्टु ते मोजायला मॅडमला सुद्धा सुचलं नाही, त्या खुर्चीवर वाकून हसत होत्या.

दुसऱ्या दिवशी मीटिंग. मी चहा घेऊन आत गेलो. अध्यक्ष, त्यांना सगळे दादासाहेब म्हणायचे, टेबलावर हात आपटून म्हणत होते, "आपल्या कॉलेजात कुणी पीत नाही. ही तीन कीड लागलेली पोरं सोडली तर." एक जुने सर म्हणाले, "अहो कसलं तीन! सगळं कॉलेज पितंय." झाली बाचाबाची. कोपऱ्यातनं मॅडम म्हणाल्या, "कुणीच न्हाई आन् सगळेच, ह्या दोन्हीच्या मधी कुठंतरी आकडा असंल की. कुणी मोजलाय काय?"

दादासाहेब म्हणाले, "मग तुम्हीच मोजा." त्यांना वाटलं, मोजलं की शून्य येईल.

मॅडमनी कागद छापला. त्यात नाव लिहायचं नाही. वर्ग, गाव, मागच्या महिन्यात किती वेळा घेतली, आणि एका बैठकीला किती. हे शेवटचं त्यांना फार महत्त्वाचं होतं. मला समजावून सांगितलं, "मामा, एक जण घोट-घोट घेतो, दुसरा महिनाभर शहाणा राहतो आन् एक दिवस बसून बुडतो. दोघास्नी एका रांगेत उभं करून चालत न्हाई. बुडणारा किती, ते बघायचंय." प्रत्येक वर्गात जाऊन त्यांनी गळ्यातल्या लिंगावर हात ठेवला आणि सांगितलं, "खरं लिवा. हा कागद मी सोडून दुसरं कुणी वाचणार न्हाई. मोजून झालं की कागद संपला. माझा शब्द हाय."

मी मागं उभा होतो. कागद वाटायचं काम माझंच. पोरं मॅडमकडं बघत होती आणि मग एकमेकांकडं. शेवटी लिहायला लागली.

चार दिवसांनी मॅडम कॅन्टीनमधी डोकं धरून बसलेल्या. समोर चहा निवून साय धरलेला. मी म्हणलं काय झालं. म्हणाल्या, "मामा, ह्या कागदाप्रमाणं आपलं कॉलेज आत्तापर्यंत मरून जायला पायजे होतं. जो तो लिवतोय, एक खंबा, दोन खंबे. एवढी मोठी बाटली एकटं पोरगं पिऊन दुसऱ्या दिवशी माझ्या तासाला कसं येतंय?"

"तुमच्या तासाला येतंय म्हणजे शुद्धीत नसणारच," मी म्हणलं.

सुंदरा भजी तळत होती. तिनं झारा तसाच हातात धरून विचारलं, "मॅडम, बाटल्या किती ते इचारलं, तोंडं किती ते इचारलं का?"

"म्हणजे?"

"ह्या बाकड्यावर एक प्लेट भजी येती. सहा जण खातेत. उद्या कुणालाबी इचारा, म्हणंल, काल भजी हाणली. कोण म्हणत न्हाई की सहावा हिस्सा हाणला. एकटं खाल्लं तर आपल्याकडं त्याला खाणं म्हणत न्हाईत, चोरी म्हणतेत. पिण्याचं बी तसंच हाय. पोरं वर्गणी काढून एक बाटली आणतेत, पाच जण बसतेत, आन् पाचबी जण लिवतेत, एक बाटली पिली. खोटं न्हाई लिवलेलं. पण तुमी एकीच्या पाच केल्या."

मॅडम उठून उभ्या राहिल्या. "अय्यो!" म्हणाल्या आणि सुंदराचे तेलकट हात धरले. "अक्का, तुमी कुठं शिकलाव?"

"अणदूरला, चौथीपर्यंत. म्होरं भज्यात."

मग दुसरी मोजणी निघाली, आणि तिच्यासारखी गंमत त्या कॉलेजात आधी झाली नाही. पोरांना आकडा सांगता येत नाही, कारण कुणी प्लास्टिकच्या पेल्यात पितो, कुणी स्टीलच्या, कुणी सरळ तोंडाला लावतो. म्हणून मॅडमनी ठरवलं, सांगायचं नाही, ओतून दाखवायचं. कॅन्टीनच्या मागच्या अंगाला सुंदराचं जुनं हिरवं लुगडं पडद्यासारखं बांधलं. आत भंगारवाल्याकडनं आणून, उकळत्या पाण्यानं धुतलेल्या बाटल्या, त्यात बिनदुधाचा कोरा चहा. पाच-सहा तऱ्हेचे पेले. खाली एक भांडं. एकेक पोरानं एकटं आत जायचं, आपण ज्या पेल्यात पितो तो उचलायचा, एका बैठकीला जेवढं पितो तेवढं भरून भांड्यात ओतायचं, कागदाच्या चिठ्ठीवर वर्ग लिहून ती भांड्याखाली सरकवायची, आणि मागच्या वाटेनं निघून जायचं. जो पीत नाही त्यानं पण जायचं आणि रिकामं भांडं सोडून यायचं, म्हणजे आत गेला तो पितोच असं कुणी म्हणायला नको. मग मॅडम सायन्सवाल्यांकडनं आणलेल्या काचेच्या नळीत ते मोजून चिठ्ठीवर मांडणार.

पहिल्याच पोरानं पडद्यातून मुंडी बाहेर काढली. "मॅडम, पाणी किती घालायचं?"

"पाणी आमच्या मोजमापात न्हाई. तुझी तेवढी वत."

दुसऱ्याचा आवाज आला, "मावशी, चकणा?"

"थांब, चकणा देते," म्हणत सुंदरा झारा घेऊन उठली, तर आतलं पोरगं मागच्या वाटेनं पळालं. चिठ्ठी राहिलीच. मग तिनं खरंच भाजलेले शेंगदाणे ठेवले आत. म्हणाली, शेंगदाण्याशिवाय पोरांचा हात मोकळा सुटत नाही. मॅडमनी ते वहीत लिहून घेतलं.

एक पोरगा बराच वेळ बाहेर आला नाही. कोण ते सांगत नाही. ओतल्याचा आवाज येत होता, थांबत होता, परत येत होता. शेवटी तो मागच्या वाटेनं न जाता पुढून आला, भांडं दोन्ही हातांनी धरून. काठोकाठ भरलेलं. कोरा चहा त्याच्या चपलेवर सांडत होता.

"मॅडम, हे सगळं माझंच हाय?"

"तूच वतलंस न्हवं?"

"व्हय. पण एका जागी कधी बघितलं नव्हतं." तो तिथंच खाली बसला. "लई हाय की हो."

मॅडमनी त्याला एष्टु विचारलं नाही. त्याच्या शेजारी जमिनीवर बसल्या. नळी त्याच्याच हातात दिली आणि म्हणाल्या, "तूच मोज."

त्या दिवशी पोरं गेल्यावर सुंदरानं माझ्याकडं बोट केलं. "आता तुमी."

"मी कशाला? मी कधीमधी घेतो."

"कधीमधी केवढी घेता ते वता की मग. मॅडम, बघू नगा हं."

मॅडमनी पाठ फिरवली. मी आत गेलो. आता म्हातारपणी खोटं कशाला लिहू, माझं भांडं त्या पोराच्या भांड्यापेक्षा उणं नव्हतं. सुंदरानं पडदा बाजूला करून बघितलं. वीस वर्षं ती ह्यावरनं भांडत आली होती. त्या दिवशी नुसतं भांडं उचललं आणि तो चहा मोरीत ओतला. ओतताना जेवढा वेळ लागला तेवढा वेळ मी मान खाली घालून उभा. लगेच सुटली असं नाही. दीड वर्ष लागलं. पण सुटायला लागली ती तिथनं.

मोजणी झाली. आणि मग दादासाहेबांना कुणीतरी सांगितलं की आकडा शून्य नाही.

गुरुवारी त्यांनी मॅडमला बोलावलं. मी दाराशीच होतो. "नावं द्या," दादासाहेब म्हणाले. "एकेकाला काढून टाकतो. कीड साफ."

"नावं न्हाईत, दादासाहेब. नाव लिवू नका म्हणूनच सांगितलं हुतं."

"मग कागद द्या. गाव आहे, वर्ग आहे, अक्षर आहे. आपला हेडक्लार्क वीस वर्षं पोरांचे फॉर्म बघतोय. दुपारपर्यंत ओळखेल."

"मी शब्द दिलाय पोरास्नी."

"शब्द पोरांना दिलात. ऑर्डर जूनला कोण देतं?" ते उठले. "मी सोमवारी येतो. तोवर कागद टेबलावर पाहिजेत."

बाहेर आल्यावर मॅडम कॅन्टीनकडं चालायला लागल्या, पण पावलं मोजत नव्हत्या. घरी आजारी वडील, धाकटा भाऊ शिकतोय, सगळं त्यांच्या तासिकेवर. कागदाच्या कपाटाची किल्ली माझ्याकडं होती. मी म्हणलं, "मॅडम, किल्ली हरवली म्हणून सांगतो. शिपायाची किल्ली हरवतेच."

"न्हाई, मामा. खोटं बोलायचं न्हाई. कागद कुठं हायती म्हणून इचारलं तर खरं ते सांगायचं."

"मग जाळू?"

"जाळलं की पोरं म्हणतील, कायतरी वंगाळ हुतं म्हणून जाळलं."

सुंदरा ऐकत होती. म्हणाली, "तुमी शब्द काय दिला हुता? मोजून झालं की कागद संपला. बरोबर? मोजून झालंय?"

"आकडे वहीत उतरायचे राहिलेत थोडे."

"उतरून घ्या लौकर. माझ्या टोपल्या लिंपायच्या राहिल्यात औंदा."

आमच्याकडं बायका जुन्या बांबूच्या टोपल्या कागदानं लिंपतात. कागद पाण्यात भिजत घालायचा, मेथ्या वाटून त्यात मिसळायच्या म्हणजे किडा लागत नाही, उखळात कुटून त्याचा लगदा करायचा आणि टोपलीला आतून-बाहेरून थापून उन्हात वाळवायचा. वर्षानुवर्षं टिकते. मॅडमच्या आईनं पण केलेल्या. मॅडम एकदम हसायला लागल्या. त्या दिवसातलं त्यांचं पहिलं हसू.

दुपारभर त्यांनी आकडे उतरवले. नुसते आकडे, ना गाव, ना वर्ग. मी किल्ली लावली, कागद काढले, आणि सुंदराच्या पाण्याच्या मोठ्या पातेल्यात बुडवले. निळी शाई पाण्यात सुटली तेव्हा मॅडम वाकून बघत होत्या. शुक्रवारभर भिजले. शनिवारी आमच्या गल्लीतल्या बायका उखळावर आल्या. कुणाचे कागद ते कुणाला सांगितलं नाही. मॅडमनी पण साडी खोचून मुसळ धरलं, आणि कुटताना घाव मोजायला लागल्या. सुंदरा म्हणाली, "मोजू नगा हो, हात थकतोय मोजलं की." ते मात्र त्यांनी ऐकलं.

सोमवारी दादासाहेब आले. "कागद कुठायत?"

"कॅन्टीनमागं वाळत घातलेत," मॅडम म्हणाल्या.

दादासाहेबांना वाटलं, भिजले असतील. तरातरा गेले. मागं प्राचार्य, मागं हेडक्लार्क, मागं मी. तिथं उन्हात सात टोपल्या ओळीनं पालथ्या मांडलेल्या, अजून ओल्या, मेथीचा वास येणाऱ्या. सुंदरा शेजारी उभी.

"हे काय?"

"कागद," सुंदरा म्हणाली. "अक्षर वळखायचंय न्हवं? वळखा की. ही बीएची टोपली, ही बीकॉमची. ही जरा वाकडी झाली, ही सायन्सची असंल."

हेडक्लार्कला हसू आवरेना, त्यानं खोकल्याचं सोंग केलं. दादासाहेब लालबुंद झाले. मला वाटलं, मॅडमची नोकरी आत्ता गेली, माझी तासाभरात जाईल. मॅडम पुढं झाल्या. गळ्यातल्या लिंगावर हात होता. "दादासाहेब, पोरं तुमच्या हातात द्यायला मी मोजलं न्हाई. किती हायती ते तुमास्नी कळावं म्हणून मोजलं. ते हितं हाय." आणि वही दिली.

दादासाहेब उभ्यानंच वाचायला लागले. पान उलटलं. मग बाकड्यावर बसले. सुंदरानं न विचारता चहा ठेवला. शेवटचं पान वाचून ते म्हणाले, "मला सांगितलं गेलं त्याच्यापेक्षा पिणारी कमी आहेत."

"व्हय."

"पण जी पितात, ती एका बैठकीला... हे एवढं?"

"एवढं म्हणजे एष्टु, ते खाली लिवलंय," मॅडम म्हणाल्या.

आकडा मी इथं लिहिणार नाही. तो पोरांचा आहे. दादासाहेबांनी चहा संपवला, उठले, आणि एक टोपली उचलून बघितली. म्हणाले, "वाळली की एक आमच्या घरी पाठवा. आई भाकरी ठेवायला मागते, आता कुणी करून देत नाही." जूनला मॅडमची ऑर्डर निघाली. मीच नेऊन दिली. आणि पुढं दरवर्षी नवीन पोरं आली की ते हिरवं लुगडं बांधायची चाल पडली. कुणाला काढलं नाही. दोन पोरं आपणहून मॅडमकडं आली, उमरग्याला डॉक्टरकडं घेऊन चला म्हणून. मॅडम स्कुटीवर घेऊन जायच्या म्हणल्या. पोरं म्हणाली, नको, आमी चालत जातो, लौकर पोचू.

नंतर मॅडमला पलीकडं कर्नाटकात कायमची नोकरी लागली. फोन यायचा, सुंदराला. मला फक्त, गुडघा कितव्या पायरीला.

सुंदरा गेली तेव्हा दहाव्याला त्या आल्या. घरात माणसं भरलेली. जो येईल तो म्हणत होता, लई वाईट झालं, लई गुणाची होती. मी हो हो म्हणत होतो. मॅडम समोर बसल्या. मी पण तेच बोललो, "मॅडम, लई आठवण येते."

"लई म्हणजे एष्टु?"

सून चमकून बघायला लागली. कुणीतरी म्हणलं, ही काय विचारायची वेळ आहे का. पण मला ते बरं वाटलं. दहा दिवसांत तेवढं कुणीच विचारलं नव्हतं.

मी सांगितलं, "रोज सकाळी दोन कपाचं आधण ठेवतो. ध्यानात येईस्तवर दूध घातलेलं असतंय. मग दोन्ही कप मलाच प्यावं लागतेत."

"म्हणजे एक कप."

"व्हय. एक कप."

"मग ठेवा आधण," मॅडम म्हणाल्या. "आजचा तो कप मला द्या."

मी ठेवलं. त्यांनी सगळा पिला, तळाच्या चहापत्तीसकट. टोपण पर्समधनं काढलं नाही.

जाताना मी फडताळावरची टोपली काढून दिली. सातांतली घरात राहिलेली शेवटची. त्यांनी फिरवून बघितली. "ही बीएची का बीकॉमची, मामा?"

"कुणाला ठाऊक."

"कुणालाच न्हाई," त्या म्हणाल्या आणि खूश झाल्या.

मुरुमच्या स्टँडवर मी त्यांना गाडीत बसवलं. खिडकीशी बसल्या, टोपली मांडीवर, वर दोन्ही हात. कंडक्टर आला. "बाई, टोपलीत काय हाय?"

"आमची पोरं हायती," मॅडम म्हणाल्या. "अर्धं तिकीट लागतंय काय?"

कंडक्टरनं टोपलीत वाकून बघितलं. मग खिडकीतनं खाली माझ्याकडं बघितलं.

मी म्हणलं, "सोड बाबा गाडी. बाई खरं बोलतात."